उभ्या काठीखालची जमीन

एखाद्या संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर जा आणि आजूबाजूच्या इमारतींच्या माथ्यावर काय काय दिसतं ते बघा. पाण्याच्या टाक्या, सोलरची पॅनेलं, गंजलेल्या डिश, मोबाइल कंपन्यांचे लांबट पांढरे डबे. या गर्दीत क्वचित एखादी सडपातळ काठी दिसते. उंची पुरुषभर किंवा दोन पुरुष, बुडाशी तीन-चार आडव्या सळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या, आणि तिथून एक काळी केबल खालच्या एखाद्या खिडकीत गेलेली.

ही हॅमची अँटेना. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून, स्वतःच्या रेडिओ संचावरून गावाशी, देशाशी, जगाशी बोलणारा माणूस. घरात कायमच्या मांडलेल्या संचाला बेस स्टेशन म्हणतात, आणि त्यासाठी लावलेली पहिली अँटेना बहुतेक वेळा अशी उभी, म्हणजे ‘व्हर्टिकल’ असते. ही काठी चारी दिशांना सारखीच बोलते आणि सारखंच ऐकते, त्यामुळे ती कुणाकडे वळवत बसावी लागत नाही. शिवाय गाडीवरची अँटेना उभी, हातातल्या वॉकीटॉकीची उभी, म्हणून घरचीही उभीच लागते. एकाची उभी आणि दुसऱ्याची आडवी असेल तर सिग्नल फार क्षीण होतो.

गच्चीवरून दिसते ती मात्र या अँटेनाची अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी खाली असते. गेल्या एकशे तीस वर्षांत या काठीने माणसांना जे काही शिकवलं, ते बरंचसं या खालच्या अर्ध्याबद्दलचं आहे. काहींना त्या शिकण्याची किंमत जिवाने मोजावी लागली.

एक टोक आभाळात, एक मातीत

सुरुवातीला अँटेनाला जमीन लागतच नव्हती. १८८६ ते १८८८ या काळात जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे हाइनरिश हर्ट्‌झ याने रेडिओलहरी पहिल्यांदा प्रयोगाने सिद्ध केल्या, तेव्हा त्याच्या उपकरणाला दोन हात होते. मधे ठिणगी पडायची फट आणि दोन्ही बाजूंना सारख्या लांबीचे धातूचे दांडे. वीज एका हातातून दुसऱ्या हातात झोके घेई आणि त्या झोक्यांतून लहरी बाहेर पडत. त्या एका दालनापुरत्या जात. हर्ट्‌झला सिद्धांत तपासायचा होता, निरोप पाठवायचे नव्हते.

निरोप पाठवायचे होते ते गुल्येल्मो मार्कोनीला. १८९५ मध्ये तो २१ वर्षांचा होता आणि इटलीत बोलोन्याजवळच्या वडिलांच्या घरी प्रयोग करत होता. त्याने एक बदल केला. दोन हातांपैकी एक उचलून उंच हवेत नेला आणि दुसऱ्याच्या जागी तार थेट जमिनीला जोडली. जे अंतर आतापर्यंत मीटरांत मोजावं लागत होतं ते दोन किलोमीटरच्या आसपास गेलं. घरामागच्या टेकडीपलीकडे, नजरेआड त्याचा भाऊ आल्फोन्सो रिसीव्हर घेऊन उभा होता आणि सिग्नल पोचल्याची खूण म्हणून बंदुकीचा बार झाला, असं सांगतात.

त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये अलेक्झांडर पोपोव्हनेही एक उभी तार वर नेऊन आणि दुसरं टोक जमिनीला जोडून एक यंत्र तयार केलं होतं. त्याला ऐकायच्या होत्या आभाळातल्या विजा. दूरवर वीज चमकली की त्याची घंटी वाजे. म्हणजे जन्मापासूनच ही काठी विजेच्या शेजारी वाढली आहे. इमारतीवरचा वीजरोधक आणि अँटेना ही एकाच घरातली भावंडं, हे पुढे कामाला येणार आहे.

जमिनीला तार जोडल्याने असं काय घडलं? शांत तळ्याकाठी उभं असलेलं नारळाचं झाड आठवा. पाण्यात त्याची उलटी प्रतिमा दिसते आणि झाड दुप्पट उंच असल्यासारखं वाटतं. जमीन वीज चांगली वाहून नेत असेल तर ती उभ्या तारेसाठी अशाच तळ्याचं काम करते. हर्ट्‌झचा जो दुसरा हात मार्कोनीने काढून टाकला, तो जमीन पुरवते. म्हणून लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश उंचीची काठी पुरते. १४५ मेगाहर्ट्‌झच्या हॅम बँडवर ही उंची साधारण ४९ सेंटिमीटर भरते, तर ७ मेगाहर्ट्‌झवर जवळपास १० मीटर.

अट एकच. तळं शांत आणि स्वच्छ हवं.

कोसळलेले खांब आणि एक पतंग

पुढची काही वर्षं मात्र सगळ्यांचं लक्ष वरच होतं. उंच, आणखी उंच. अटलांटिक महासागरापलीकडे सिग्नल पाठवण्यासाठी मार्कोनीच्या कंपनीने इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात पोल्ढू इथे समुद्राच्या कड्यावर २० खांबांचं कडं उभं केलं. प्रत्येक खांब २०० फूट उंच. १७ सप्टेंबर १९०१ ला वादळ आलं आणि खांब आडवे झाले.

मग घाईने दोन खांब उभे करून त्यांच्यामध्ये पंख्यासारख्या तारा पसरल्या गेल्या. पलीकडे न्यूफाउंडलंडमधल्या सिग्नल हिलवर तर खांब नव्हताच. डिसेंबरच्या वाऱ्यात मार्कोनी आणि त्याच्या दोन सहायकांनी पतंगाला बांधून सुमारे ५०० फूट तार वर चढवली. १२ डिसेंबर १९०१ ला दुपारी, कानाला लावलेल्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये त्याला तीन टिंबं ऐकू आली. मोर्समधलं ‘एस’ हे अक्षर, साधारण साडेतीन हजार किलोमीटरवरून आलेलं. भर दिवसा, तेवढ्या साधनांनी, खरंच ते ऐकू आलं असेल का, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मात्र त्या एका पतंगामुळे जगाची खात्री पटली की समुद्र ओलांडता येतो.

या साऱ्यात एक गोष्ट कुणी फारशी बोलत नव्हतं. मार्कोनीची बहुतेक मोठी केंद्रं समुद्रकाठी होती. खारं पाणी साधारण जमिनीपेक्षा हजारपटीच्या आसपास अधिक सहज वीज वाहून नेतं. उभ्या तारेला याहून चांगलं तळं नाही. आजही दूरच्या बेटांवर जाणारे हॅम आपली व्हर्टिकल भरतीच्या रेषेला खेटून उभी करतात ती याचसाठी.

शेतात पुरलेल्या ११३ तारा

ज्यांच्याकडे समुद्र नाही त्यांनी काय करायचं? या प्रश्नाचं मोजून-मापून उत्तर मिळायला १९३७ साल उजाडावं लागलं.

तोवर अमेरिकेत शेकडो रेडिओ केंद्रं सुरू झाली होती आणि प्रत्येकाच्या आवारात एक उंच मनोरा होता. त्याच्या बुडाशी किती तारा पुराव्यात याचे ठोकताळे ज्याचे त्याचे होते. आरसीए कंपनीतल्या जॉर्ज ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या तीन इंजिनीअरांनी एका शेतात उभी अँटेना रोवली आणि तिच्या बुडापासून सूर्याच्या किरणांसारख्या सर्व दिशांना तारा पुरल्या. या तारांना रेडिअल म्हणतात. आधी २, मग १५, ३०, ६० आणि शेवटी ११३. प्रत्येक वेळी दूर जाऊन सिग्नल किती मिळतो ते मोजलं.

निकाल साधा होता. उभ्या काठीतून लहरी बाहेर पडतात तेव्हा तितकीच वीज आजूबाजूच्या जमिनीतून काठीच्या बुडाकडे परत येत असते. माती तिला अडवते. नांगरलेल्या शेतातून चालणं आणि डांबरी रस्त्यावरून चालणं यांत जो फरक, तोच इथे. रेडिअल नसतील तर ट्रान्समीटरची बरीचशी ताकद माती गरम करण्यात जाते. दोनावरून पंधरा तारांवर गेल्यावर मोठा फरक पडला, साठावरून एकशे तेरावर फारच थोडा. तरी रेडिओ केंद्रांनी धोका पत्करला नाही. अमेरिकेतल्या मीडियम वेव्ह केंद्रांसाठी १२० रेडिअल हा पुढे रिवाजच होऊन बसला. लोकांना दिसे मनोरा. त्याच्या पायथ्याशी किलोमीटरच्या किलोमीटर तांब्याची तार गवताखाली झोपलेली आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसे.

हॅम मंडळींनी हा धडा आपल्या परसात नेला. तारा गवतावर अंथरायच्या, वाकवलेल्या खिळ्यांनी दाबून ठेवायच्या, महिन्याभरात गवत त्यांना पोटात घेतं.

याच ब्राउनने दुसरी युक्ती केली, जिच्यामुळे आपल्या गच्चीवरची काठी शक्य झाली. पोलिसांच्या रेडिओसाठी इमारतीच्या माथ्यावर अँटेना हवी होती, आणि तिथे माती कुठून आणायची? त्याने जमीनच वर नेली. काठीच्या बुडाशी थोड्या आडव्या सळ्या लावल्या आणि त्यांनाच जमीन मानलं. हीच ‘ग्राउंड प्लेन’ अँटेना. ब्राउनने स्वतः सांगितलेली गंमत अशी की दोनच सळ्या पुरत होत्या. पण विक्री विभागाला पटेना. दोन सळ्यांची अँटेना चारी दिशांना सारखी चालते यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्याने आणखी दोन लावल्या. ती चार सळ्यांची आकृती आजही जगभर दिसते.

जेव्हा जमीन हाताशी येते

जमिनीकडे जाणारी वाट हवी, हे एवढ्यात कळलं. ती वाट माणसाच्या अंगातूनही जाऊ शकते, हे १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या हजारो घरांच्या अंगणात कळलं.

१९५८ मध्ये अमेरिकन सरकारने हॅमकडचा ११ मीटरचा पट्टा काढून सर्वसामान्यांसाठी दिला. परीक्षा नको, मोर्स नको. त्याला सिटिझन्स बँड, म्हणजे ‘सीबी’ म्हणत. १९७३ च्या तेलटंचाईनंतर हमरस्त्यांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. पुढे पोलीस कुठे दबा धरून बसलेत आणि डिझेल कुठे मिळतंय, हे ट्रकचालक सीबीवर एकमेकांना सांगू लागले. बघता बघता त्याचं वेड देशभर पसरलं. गर्दी इतकी झाली की १ जानेवारी १९७७ पासून २३ चॅनेलची ४० करावी लागली.

आणि घराघरांवर काठी आली. या बँडवरची लोकप्रिय बेस अँटेना सहा-सात मीटर लांबीची ॲल्युमिनियमची नळी असे. वजनाला हलकी, दुकानात मिळणारी, सुट्टीच्या दिवशी बापलेकांनी किंवा शेजाऱ्याला हाक मारून उभी करण्याजोगी. तिच्याखाली आणखी तेवढाच पाइप. अमेरिकेतल्या वस्त्यांत घरामागून हजारो व्होल्टच्या उघड्या तारा जात. खाली उभं राहून वर बघणाऱ्याला अंतराचा अंदाज येत नाही. नळी तोल जाऊन थोडी झुकते, तारेला टेकते. धरणाऱ्यांचे दोन्ही हात धातूवर आणि पाय ओल्या गवतावर. विजेला जमीन हवी असते, ती तिला माणसातून मिळते.

अशी माणसं मरत राहिली. अखेर अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९७८ मध्ये नियम केला की सीबी आणि टीव्हीच्या अशा अँटेनांवर आणि खांबांवर धोक्याची चिठ्ठी हवीच, आणि सोबत सुरक्षितपणे कसं बसवायचं याच्या सूचना हव्यात. एवढ्याने भागेना. मे १९८३ पासून दुसरा नियम लागू झाला. चारी दिशांना चालणारी सीबी बेस अँटेना १४,५०० व्होल्टच्या तारेला टेकली तरी ती धरणाऱ्यापर्यंत ५ मिलिॲम्पिअरहून अधिक प्रवाह पोचता कामा नये. म्हणजे काठीवर विजेला अडवणारं वेष्टन आलं. जी काठी जमिनीशी चांगली जोडली जावी म्हणून इतकी वर्षं धडपड झाली, तिलाच आता माणसापासून तोडायची सोय करावी लागली.

हॅम मंडळी गेलेल्या सोबत्याला ‘सायलेंट की’ म्हणतात, शांत झालेली मोर्सची कळ. सीबीवाल्यांकडे असा शब्द नव्हता. त्यांच्या वाट्याला आली ती नळीवर चिकटवलेली धोक्याची चिठ्ठी.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मंडपाचा लोखंडी पाइप, मिरवणुकीतला उंच झेंडा, विहिरीतून किंवा बोअरमधून वर ओढलेला मोटारीचा पाइप अकरा केव्हीच्या लाइनला टेकल्याच्या बातम्या आपण वाचतो. खांब वेगळा, कारण तेच. म्हणून अनुभवी हॅम नवख्याला पहिली मोजदाद शिकवतो ती रेडिओची नसतेच. खांब पाइपासकट कोणत्याही दिशेला आडवा पडला तर त्याचं टोक जिथवर पोचेल, विजेची तार त्याच्याही बरीच पलीकडे हवी. तशी जागा नसेल तर त्या जागी अँटेना लावायचीच नाही.

काळी माती, जांभा आणि गच्ची

आपल्याकडे हा सगळा इतिहास पायाखालच्या मातीशी येऊन भिडतो. पावसाळ्यातली मराठवाड्याची काळी माती ओली, चिकट आणि विजेला वाट देणारी. कोकणातला जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, विजेला अडवणारा. त्याच कोकणात समुद्राच्या वाळूवर उतरलात की पुन्हा मार्कोनीचं तळं मिळतं. एकच काठी, एकच रेडिओ, आणि गावागणिक वेगळा आवाज.

आपल्याकडचा वायरमन हे कुठल्याही शोधनिबंधाशिवाय जाणतो. तो अर्थिंगचा खड्डा खणतो, त्यात तांब्याची किंवा जीआयची पट्टी नाहीतर पाइप उभा करतो, भोवती मीठ आणि कोळसा भरतो, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा म्हणून बजावून जातो. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीला विजेसाठी वाट करून देतं.

शहरातला हॅम मात्र बहुधा आठव्या-दहाव्या मजल्यावरच्या गच्चीवर असतो, आणि इथेच चूक होते. ग्राउंड प्लेनच्या चार सळ्या बघून त्याला वाटतं, जमीन आली. पण जमिनी तीन आहेत. एक रेडिओलहरींची, तिचं काम त्या सळ्या करतात. दुसरी घरच्या विजेची, म्हणजे तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पिन. तिसरी आभाळातल्या विजेची. गच्चीवरच्या खांबापासून जाड पट्टी शक्य तितक्या सरळ वाटेने खाली मातीपर्यंत गेली पाहिजे, आणि केबल घरात शिरते तिथे अरेस्टर बसवून तोही तिला जोडला पाहिजे. पहिली जमीन दुसऱ्या दोघींचं काम करत नाही.

दुसरी आणि तिसरी जमीन एकमेकींना जोडलेली नसेल तर? वीज जवळपास पडली की दोघींमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो मिटवायची वाट तुमच्या टेबलावरच्या रेडिओतून जाते. पोपोव्हची घंटी आठवा. ही काठी विजा ऐकण्यासाठीच तर प्रथम उभी राहिली होती.

कशासाठी एवढं?

हातात मोबाइल असताना एका काठीसाठी इतका खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी पोर्ट ब्लेअरमध्ये मिळालं.

हॅमच्या जगात अंदमान हे दुर्मीळ ठिकाण होतं. तिथून हौशी रेडिओ चालवण्याची परवानगी कित्येक वर्षांत कुणाला मिळाली नव्हती. त्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने हॅमची एक टीम तिथे पोचली आणि हॉटेलातून जगभरच्या हॅमशी बोलत होती. तो निव्वळ छंद होता. रविवारी पहाटेनंतर भूकंप झाला, मग त्सुनामी आली. फोन बंद पडले, वीज गेली, बेटं मुख्य भूमीपासून तुटली. हौसेसाठी लावलेलं ते स्टेशन प्रशासनाचे निरोप आणि माणसं सुखरूप असल्याची खबर पलीकडे पोचवू लागलं. मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला वीज आणि केबल. हॅमला लागते एक बॅटरी, एक संच आणि नीट बसवलेली अँटेना. यातली शेवटची गोष्ट संकटाच्या दिवशी घाईघाईत होत नाही. ती आधीच्या एखाद्या साध्या, कंटाळवाण्या रविवारी झालेली असावी लागते.

त्या रविवारी गच्चीवर काम करायचं ते या क्रमाने. आधी चारी बाजूंना विजेच्या तारा बघून घ्यायच्या. मग सोसायटीच्या कमिटीला काय आणि का लावतोय ते समजावून सांगायचं. मग खालपर्यंत पट्टी न्यायची, घरच्या अर्थिंगशी तिची गाठ घालायची. पावसाचं आभाळ असेल तर तिथेच थांबायचं. हे सगळं झाल्यावर दोघा-तिघांनी मिळून काठी उभी करायची, आणि रेडिअलच्या सळ्यांची टोकं कुणाच्या डोळ्यात जाणार नाहीत इतक्या उंचीवर ठेवायची.

काठी उभी करायला अर्धा तास लागतो, बाकीच्याला दिवस. संध्याकाळी पहिल्यांदा कुणाचा तरी आवाज येतो, आपला कॉलसाइन उलट ऐकू येतो, आणि दिवसभराचा शीण जातो. त्यानंतर अँटेनाकडे लक्ष द्यावं लागतं ते क्वचितच. मे महिना आला की खाली जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, एवढं मात्र विसरायचं नाही.